तीन खुंट्या आणि 'नाही'चा फोन

पहिल्यांदा खटकलं ते हे, की बॉयलरवाले शेखभाई पॅकिंगच्या मशीनसाठी भांडत होते.

माझी कंपनीतली ती पहिलीच मीटिंग. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दुधाचा प्लांट आहे. पाकिटातलं दूध, दही, पनीर. मी दौंडची. बी.टेक. करून नुकतीच 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट ट्रेनी' म्हणून लागले होते. प्लांटमध्ये काय काय सुधारायचं आणि त्यातलं आधी काय करायचं, हे ठरवायला महिन्यातून एकदा सगळे बसतात. शेखभाई टेबलावर हात आपटत म्हणत होते, "पॅकिंगचा, पाकिटाचं तोंड चिकटवणारा सीलिंग जॉ बदलनाच पडेगा! पाकिटं गळतायत, बाया हातानं पुसतायत. आपल्याला शरम वाटली पाहिजे!" प्रत्येक आपटीला मी खुर्चीत उडत होते. आणि पॅकिंगच्या सुनीताताई? त्या समोर शांत बसून, बॉयलरच्या पाइपातून वाफ कशी गळते त्याचे फोटो दाखवायची वाट बघत होत्या.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. भलत्याच मीटिंगमध्ये बसलेय. हळूच उठून दाराकडे निघालेसुद्धा!

"बस गं," ढमढेरे मॅडम म्हणाल्या. "इथं आपलं घोडं आपण दामटायचं नसतं. दुसऱ्याचं दामटायचं."

ढमढेरे मॅडम आमच्या प्लांट हेड. हा नियम त्यांचाच. कुणी कुणाची सुधारणा मांडायची ते त्या वाटून देतात. मग ती मांडण्यापूर्वी त्या खात्यात जाऊन उभं राहावं लागतं, विचारावं लागतं. नियमाच्या आधी म्हणे शेखभाई आणि सुनीताताई एका पान्यावरून भांडून एकमेकांशी बोलतच नव्हते!

त्या दिवशी बॉयलर जिंकला. म्हणजे शेखभाईंचंच काम आधी होणार. तरी ते तोंड पाडून बसले. सुनीताताई त्यांच्यापुढे चहा सरकवत म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हो भाई. हरलं ते माझंच हाय!"

* * *

असे किस्से आमच्याकडे दह्याच्या क्रेटसारखे थप्पीनं साठतात. एक काढायला जावं तर वरचे सगळे अंगावर येतात. दौंडच्या बसमध्ये मैत्रिणींना सांगायला लागले की घर येतं, किस्सा अर्धाच राहतो.

पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मी एवढी घाबरून का असायचे ते कळायचं नाही. भीमेकाठच्या वडगाव रासाईला आमचं दूध संकलनाचं सेंटर आहे. शेलार मामा ते चालवतात. आजूबाजूच्या वस्त्यांचं दूध तिथं गोळा होतं, मोठ्या कूलरमध्ये थंड होतं, मग टँकरनं प्लांटला येतं. आमच्या सगळ्या सेंटरांत सगळ्यात जास्त दूध तिथलं. दुसऱ्या एका डेअरीची माणसं मामांच्या मागे लागली होती, आमच्याकडे या म्हणून.

मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं. "वडगाव रासाईचं दूध आहे तोवर पॅकिंगची दुसरी लाइन चालते. दुसरी लाइन चालते तोवर तुम्ही नव्यानं घेतलेली सगळी पोरं टिकता. ते दूध गेलं, तर मला तुम्हाला थांबवणं अवघड आहे."

हे ऐकून मी घरी जाऊन जेवले नाही. आईला वाटलं, पहिल्या दिवसाचा आनंद!

* * *

कॉलेजात शिकलेलं सगळं वापरून मी एक शीट केली. आलेल्या सगळ्या सूचना, प्रत्येकीला मार्क, मार्कांना वेटेज, रंग, फॉर्म्युला. कोणती सुधारणा आधी घ्यायची ते शीट आपोआप सांगणार! मीटिंगमध्ये बटण दाबलं.

पहिला नंबर आला: ऑफिसचा एसी.

कुणीच हसलं नाही, ते जास्त भयंकर होतं. मॅडम म्हणाल्या, "शीट चुकीची नाही. शीटला कुणी प्लांट दाखवलेला नाही. चल." आणि मला लॅपटॉपसकट डॉकवर नेलं, जिथं टँकर रिकामे होतात. सकाळची वेळ, दूध खेचणारा पंप मंद, टँकरची रांग, ड्रायव्हर कावलेले. तिथं गावडे आबा उभे होते. आबा कवठे येमाईचे, सगळ्या सेंटरांचं संकलन त्यांच्याकडे. त्यांनी लॅपटॉपात डोकावून पाहिलं.

"ह्यात एक रकाना घाला की ताई," आबा म्हणाले.

"कसला?"

"हे न्हाई केलं तर कोण शिव्या दील?"

मी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता आबांना बोलणी बसणार. मॅडम म्हणाल्या, "घाल."

घातला. एसी सगळ्यात खाली गेला, डॉकचा पंप सगळ्यात वर आला!

तेव्हापासून शीटमध्ये तो कॉलम आहे. पुण्याच्या हेड ऑफिसमधून एक साहेब आले होते, त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा काय प्रकार?" मी इतकी दचकले की तोंडातून निघून गेलं, "सर, स्टेकहोल्डर इम्पॅक्ट." साहेबांनी ते लिहून घेतलं. आता ऐकते की इतर प्लांटमध्येही तो कॉलम आलाय. फक्त तिथं आबांचं नाव नाही, माझंही नाही.

* * *

तेच साहेब परत आले तो किस्सा तर मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलाय.

मीटिंग रूमच्या भिंतीला तीन खुंट्या आहेत. पूर्वी तिथं हेल्मेट अडकवायचे. आता चालू असलेल्या प्रोजेक्टची पाटी त्या खुंटीवर लटकते. खुंट्या तीन, म्हणून एका वेळी कामं तीन. नवीन घ्यायचं असेल तर लटकलेलं एक पूर्ण करा, नाहीतर काढून ठेवा. मॅडमचं म्हणणं, दहा कामं एकदम काढली की दहाच्या दहा अर्धी राहतात आणि माणसं मात्र पूर्ण दमतात.

साहेब पुण्याहून एक नवीन प्रोजेक्ट घेऊन आले. छान पाटीही करून आणली होती, चकचकीत. "सोमवारपासून सुरू करा," म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "करू की सर. यातली कोणती पाटी काढू, तेवढं तुम्ही सांगा."

साहेबांनी तिन्ही पाट्या वाचल्या. एक गळतीची, एक पंपाची, एक टँकर धुण्याची. कोणती काढा म्हणणार? शेवटी हसून म्हणाले, "अहो, मग चौथी खुंटी ठोका ना! शेख, एक ड्रिल मारायला काय लागतं?"

शेखभाईंनी अगदी नम्रपणे हात जोडले.

"मारतो सर, जरूर मारतो. पण ड्रिल मशीन सध्या दुसऱ्या खुंटीवरच्या कामावर गेलीय!"

* * *

आता त्या फोनचं.

प्लांटमधून आणि सेंटरांवरून सूचना येतात, त्यातल्या बहुतेक निवडल्या जात नाहीत. बाकीच्या ठिकाणी अशा सूचनांचं काय होतं? काही होत नाही. देणारा वाट बघत राहतो आणि मग पुन्हा कधी सूचना देत नाही. मॅडमचा नियम असा, की ज्याची निवडली नाही त्याला त्याच दिवशी फोन करायचा. मेसेज नाही, फोन. आवाजात सांगायचं, कारणासकट. चहाच्या टपरीवरून कळायच्या आधी.

आणि ज्याची निवडली त्याला? त्याला फोन नाही. त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी शेखभाईंचा माणूस टेप घेऊन माप घ्यायला उभा राहतो. "हो सांगायला फोन कशाला लागतो?" मॅडम म्हणायच्या.

'नाही'चे फोन त्यांनी मला दिले. मी, जिच्या टेबलावरचा फोन वाजला की कपातला चहा बशीत येतो!

"मॅडम, मी फार घाबरते."

"म्हणूनच. घाबरणारा माणूस सांभाळून बोलतो."

पहिलाच फोन शेलार मामांना. सूचना काय, तर टँकरचा हॉर्न बदला, वस्तीवरच्या म्हशी बुजतात. मी कागदावर वाक्य लिहून घेतलं होतं, तरी सगळं विसरले.

"मामा, नमस्कार, मी प्लांटवरून रेश्मा बोलतेय, ते तुमचं, म्हणजे हॉर्नचं, सूचना खूप छान होती, पण म्हणजे, यावेळी..."

"न्हाई झालं व्हय?"

"...हो. म्हणजे नाही."

"आगं मग म्हण की न्हाई! थरथरतीस कशापायी? पानी पी. पिलं का? हां. आता नीट म्हण."

मी पाणी प्यायले आणि नीट म्हणाले. कारण सांगितलं. मामा म्हणाले, "ब्येस! बघ, जमतंय की तुला!"

म्हणजे नकार त्यांना मिळाला आणि शाबासकी मला! नंतर सेंटरवर सावलीची सूचना, मग टँकर देवळामागून आणायची सूचना. प्रत्येक वेळी माझा फोन, माझं नाही, आणि मामांचं "जेवलीस का?" मामांच्या सुनेनं एकदा त्यांच्याच फोनवर सांगितलं, घरात माझं नावच पडलं होतं. माझा नंबर दिसला की नातवंडं ओरडायची, "आजोबा, न्हाईवाली ताई!"

* * *

फोनच्या नियमातून कुणी सुटत नाही. गावडे आबा स्वतः मीटिंगमध्ये बसतात. त्यांचं काम नाकारलं गेलं तेव्हा ते माझ्या शेजारच्या खुर्चीत होते! मी मॅडमना खुणेनं विचारलं, आता काय? मॅडम म्हणाल्या, "नियम नियम आहे."

मी शेजारी बसून आबांना फोन लावला. आबांच्या खिशात वाजला. त्यांनी काढून बघितला, माझ्याकडे बघितलं, गंभीरपणे उठले.

"आबा, मी इथंच आहे, बोला ना."

"थांबा ताई, हितं रेंज न्हाई," म्हणाले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन, पाठ करून उभं राहून, सगळं ऐकून घेतलं. परत येऊन बसले आणि मला म्हणाले, "एका पोरीचा फोन हुता. लई समजावून सांगितलं बिचारीनं!"

आणि मॅडमना? त्यांची सूचना होती, रिसेप्शनला मोठा स्क्रीन लावायचा, प्लांटचे आकडे दिसतील. शिव्यांचा कॉलम रिकामा. सगळ्यांनी मिळून नाकारली! मी केबिनच्या दाराबाहेर उभी राहून फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि सुटले बाई म्हणून भिंतीला टेकले, तोच माझा मोबाइल वाजला. मॅडम.

"रेश्मा, पुन्हा कर."

"का मॅडम?"

"सॉरी खूप वेळा म्हणालीस. 'नाही' म्हणायचं राहिलं."

पुन्हा केला. म्हणाले. त्या "बरोबर आहे" म्हणाल्या आणि ठेवला. असा बॉस मी कॉलेजच्या कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता.

* * *

आता शेवटचा किस्सा.

मामांची एक सूचना जुनी होती. वडगाव रासाईला लाइट सारखी जाते. गेली की मामांनी धावत जाऊन जनरेटर चालू करायचा, तेव्हा कूलर चालतो. त्यांना लाइट गेली की आपोआप जनरेटर सुरू करणारं पॅनेल हवं होतं. दरवेळी त्याच्यापुढं दुसरं काहीतरी निकडीचं निघायचं. मागच्या फोनला मात्र मामांनी "जेवलीस का" विचारलं नाही.

"पोरी, आता खरं सांगतो," ते म्हणाले. "मी शेतावर आसतो, लाइट जाती, दूध तापतं, आन् लोकं मला बोलत्यात. ती दुसरी डेअरीवाली म्हनत्यात, पॅनेल आमी बशिवतो. तुमच्या पुढच्या मीटिंगीपतूर थांबतो. त्या दिशी त्यांची जीप येनार हाय. तवा बी तुझं न्हाईच आलं, तर त्यांना शब्द देऊन टाकनार."

मी तसंच मॅडमना सांगितलं. पुढच्या मीटिंगला मामांचं पॅनेल मांडायचं काम त्यांनी मला दिलं.

मी उभी राहिले. मार्क सांगितले, खर्च सांगितला. मग शेवटचा कॉलम आला. हे नाही केलं तर कोण शिव्या देईल?

"कोणीच नाही," मी म्हणाले. "मामा शिव्या देणार नाहीत. ते नुसते जातील."

खुंट्या तिन्ही भरलेल्या. मग गावडे आबा उठले, त्यांच्या डॉकवरच्या शेडची पाटी काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझं थांबतंय," म्हणाले. "पावसाळ्याच्या आत करा म्हंजी झालं."

मॅडमनी पॅनेलची पाटी खुंटीवर अडकवली. मी रडायला लागले, अगदी सगळ्यांसमोर! शेखभाई म्हणाले, "रोती काय को? फोन लगा!"

आणि मी लावला. पूर्ण वाजला. उचलला नाही.

परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावताना सुनीताताईंनी माझा हात धरला. "अगं थांब. तुझा फोन म्हंजी त्यांच्या लेखी काय?"

माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हो सांगायला आम्ही कधी फोनच केला नव्हता! माझा नंबर म्हणजे नाही. मी जितक्यांदा लावणार, तितक्यांदा मामांना नाहीच ऐकू जाणार. न उचलताच!

आबांनी त्यांच्या मोबाइलवरून लावला. उचलला नाही, कारण एकदा माझी बॅटरी संपली तेव्हा 'नाही' मी त्यांच्याच फोनवरून सांगितलं होतं. मेसेज करावा, तर मामांचा बटणांचा फोन, मेसेज ते उघडतच नाहीत. सुनेचा नंबर कुणाकडेच नाही. शेखभाई टेप खिशात घालून मोटरसायकलवर निघाले, पण रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, आणि जीप दुपारचीच यायची होती.

"रागावला आसंल," आबा म्हणाले.

"रागावलेला माणूस फोन उचलतो आबा," मॅडम म्हणाल्या. "त्याला बोलायचं असतं. रेश्मा, लावत राहा."

पुढच्या वेळी रिंगच वाजली नाही. फोनमधली ती रेकॉर्ड केलेली बाई सांगायला लागली, आपण ज्यांना कॉल केला आहे ते दुसऱ्या कॉलवर बोलत आहेत. मामा बोलत होते. कुणाशी, ते विचारायची गरज नव्हती. मला पॅकिंगची दुसरी लाइन बंद पडलेली दिसली. आमच्या बॅचची सगळी पोरं गेटवर उभी दिसली. मामांचा शब्द त्या एका कॉलमध्ये जात होता आणि मी इकडे त्या बाईचं ऐकत उभी होते. मॅडमनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि नुसत्या बसून राहिल्या. त्या घाबरल्यात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, त्यांनी बांगडी फिरवायचं थांबवलंच नाही.

मी परत लावला. रिंग वाजली. वाजत राहिली. आता तुटणार, आता तुटणार, आणि खट्ट झालं. मागून बादल्यांचा आवाज आला, म्हैस ओरडली.

"मामा! मामा, मी रेश्मा, ऐका, मी..."

"थांब पोरी. आधी माझं ऐक," मामा म्हणाले. त्यांना दम लागला होता. "मगाधरनं तुझा फोन वाजत हुता, दिसत हुतं मला. मुद्दामच न्हाई उचलला. तुझं 'न्हाई' ऐकलं आसतं, तर रागाच्या भरात त्यांना व्हय म्हनलो आसतो. म्हनून आधी त्यांनाच फोन लावला आन् न्हाई म्हनून टाकलं. जीप वाटंतनंच माघारी धाडली. कारन बी सांगितलं, न्हाई म्हनायला बी फोन करनारी मानसं सोडवत न्हाईत म्हनून. नीट, समजंल आसं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या.

"हां," मामा म्हणाले. "आता म्हन तुझं न्हाई."